रस्त्यापलीकडची ठमी

आमच्या घरात कुणी मुलींना "हळू बोल गं" म्हटलं की लगेच दुसरं कुणीतरी म्हणतं, "सुभद्राक्काला सांग जा!" आणि विषय खतम. म्हणून ती कोण होती ते सांगतेच.

सुभद्राक्का माझ्या पणजीची मावशी. देवासची. साल असेल एकोणीसशे आठ-नऊ. नवरा प्लेगात गेला, मूलबाळ नाही, मग नवऱ्याच्या चुलतभावानं, मोरोपंतांनी, तिला आपल्या घरी आणलं. आणलं म्हणजे काय, चुलीपुढं बसवलं! दोन वेळा जेवण, माजघरात झोपायला एक कोपरा. माहेरचं पोळपाट-लाटणं सोडलं तर त्या घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, ठमी. भुरी मांजर, एका कानाला चीर पडलेली.

आणि ठमी ओरडायची. बाप रे! भूक लागली की ओरडायची, दूध पिऊन झालं की परत ओरडायची, दार बंद असलं तर आणि उघडं असलं तरीही. मोरोपंत पूजेला बसले की हिचा सूर लागलाच. त्यांनी दूध वाढवून पाहिलं, पाणी मारून पाहिलं, एकदा तर अंगारा लावला. ठमीनं अंगारा चाटला आणि दुप्पट ओरडली.

मग आलं मोरोपंतांच्या वडिलांचं श्राद्ध. त्या दिवशी मांजरानं पानाला तोंड लावू नये म्हणून तिला टोपलीखाली झाकून ठेवायची रीत. झाकली. वर पाटा ठेवला. तर टोपलीच ओरडायला लागली! भटजी दोनदा मंत्र चुकले, तिसऱ्यांदा त्यांना हसू फुटलं. मोरोपंत लालबुंद.

मांजर मारली तर काशीला सोन्याची मांजर वाहावी लागते, त्यामुळे मारायची तर कुणाची छाती नव्हती. पण मोरोपंत थोरल्या पातीच्या दरबारात कारकून होते, हुकूम काढायची सवय. म्हणाले, "हद्दपार करा हिला!"

आता देवासची गंमत अशी की गाव एक आणि राजे दोन. थोरली पाती, धाकटी पाती. हद्द कुठं? मोरोपंतांच्या दारातल्या रस्त्याच्या मधोमध! मारुती शिपायानं ठमीला पोत्यात घातलं, रस्ता ओलांडला, समोरच्या कासाराच्या दुकानापाशी सोडलं. झाली हद्दपार. तो पागोटं सावरत परत आला तर ठमी त्याच्या आधी उंबऱ्यावर, ओरडत.

सगळी आळी हसली. तेच मोरोपंतांना झोंबलं.

"उद्या हिला क्षिप्रेपार जंगलात सोडायची," ते म्हणाले. "आणि सुभद्रे, तू डोळ्यांतून पाणी काढायचं नाहीस. या घरात एक शब्द नको मला."

ठमी म्हातारी होती. जंगलात दोन रात्रीही काढल्या नसत्या तिनं. आक्कानं हातातली पळी खाली ठेवली.

"भाऊजी, इतकी वर्षं मी या घरात शब्द काढलाय का? माझ्या वाटचं तीच बोलत होती."

"मग तूही जा तिच्याबरोबर! बघू कोण पोसतं!"

त्यांना वाटलं रडेल, पाया पडेल. आक्कानं माहेरचं ते पोळपाट-लाटणं एका काखेत मारलं. दुसऱ्या काखेत ठमी. भर दुपारी, डोक्यावरचा पदर घसरलेला, सीधी रस्ता ओलांडून गेली!

कासाराची बायको मालन बांगड्या भरत होती. म्हणाली, "या वैनी, मागली खोली खालीच पडलीय."

मोरोपंत ओट्यावर आले. "मारुती! आण तिला परत! मांजर हिसकाव!"

मारुती रस्त्याच्या मधोमध जाऊन थांबला. "सायब, पुढं त्यांचं राज. म्या हात घातला तर त्यांचा शिपाई मलाच धरंल."

"अरे, बाई आपली, मांजर आपली!"

"हद्दपार तर तुमीच केली नं सायब."

पलीकडून आक्का ओरडली. हो, ओरडली, आयुष्यात पहिल्यांदा! "भाऊजी, धाकट्या पातीत अर्ज करा! लिहा की समोरची मांजर म्याँव करते, बंदोबस्त व्हावा!"

एवढा मोठा कारकून, दुसऱ्या दरबारात मांजरीवर अर्ज करणार? मेला असता तरी केला नसता. आत जाऊन खिडकी धाडकन लावून घेतली त्यांनी.

आक्का त्या खोलीत लोकांना पोळ्या करून घालायला लागली. पहिला महिना उपाशीच गेला म्हणतात, पण परत गेली नाही. ठमी रोज कासाराच्या ओट्यावर बसायची, तोंड मोरोपंतांच्या खिडकीकडं, आणि पूजेची घंटा वाजली की सुरू. आक्का आतून म्हणायची, "आणखी जोरात, बाई."

ठमी गेली तेव्हा आक्का खूप रडली. मग कुणीतरी मांजरीची पिल्लं दाखवायला आणली, शहाणी, गप्प बसणारी. आक्कानं एकेकाला उचलून पाहिलं आणि खाली ठेवलं. सगळ्यात शेवटी एक मरतुकडं काळं पिल्लू तिच्या हातात येताच असं किंचाळलं की मालनच्या हातातली बांगडी फुटली.

"हीच," आक्का म्हणाली.