बाजूच्या टेबलाचे अडुसष्ट रुपये

लग्न झालं त्या वर्षी मला साठ रुपये पगार होता, आणि साठ रुपयांत माझ्याइतका सुखी कारकून हिंगणघाटात दुसरा नसावा. सरकी काढायच्या एका जिनात मी कापसाची आवक लिहायचो. बायको म्हणायची, "पुरत नाई जी." मी म्हणायचो, "तुह्या गावच्या मास्तरले किती भेटते? पंचेचाळीस!" मास्तर हे माझं माप. मालकाकडे पाहून मी कधी मोजलं नाही. सोयीचं माप निवडण्यात मी पहिल्यापासून हुशार.

पगाराच्या दिवशी मुनीमजी पगारपत्रकावर पुठ्ठा ठेवत. त्याला एकच ओळ दिसेल एवढी खाच. आपलं नाव, आपला आकडा, सही करा, निघा. एकदा मी सही करत असताना मुनीमजींना खोकल्याची उबळ आली आणि पुठ्ठा सरकला. खालच्या ओळीत बाजूच्या टेबलावरचा गडी. अडुसष्ट!

हा माझ्यामागून दीड वर्षानं लागलेला. माझ्या डब्यातला अर्धा ठेचा रोज त्याचा. त्या दुपारी मी ठेचा झाकूनच ठेवला.

"काऊन गा, ठेचा नाई आनला?"

"नाई."

आठ दिवस मला दुसरं काही सुचलं नाही. मास्तर तर डोक्यातून साफ गेला. शेवटी मुनीमजींपुढे उभा राहिलो. भाषण पाठ केलं होतं, तोंडातून एवढंच निघालं, "त्याले अडुसष्ट, मले साठ. हा न्याय नाई जी."

मुनीमजींनी चष्म्यावरून पाहिलं. "बात बराबर आहे. न्याय नाई."

मी हरखलो. घरी सांगून टाकलं, या महिन्यात वाढते.

पुढच्या पगाराला माझ्या ओळीत साठच. माझ्यामागून तो सहीला वाकला आणि तसाच राहिला. "आठ कमी कसे जी?"

"बाजूवाल्याले विचारा. त्यानं न्याय मांगितला."

फाटकापाशी त्यानं मला गाठलं. ओरडला नाही. "तुले मांगायचं होतं तं तुह्यं मांगायचं गा. माह्यं काऊन सांगतलं?"

पोरांना हा किस्सा सांगतो तेव्हा मी खोकल्यापाशी हसवून थांबतो. फाटकातून निघताना लाज वाटायच्या आधी क्षणभर मला बरं वाटलं होतं, हे कुणाला सांगितलेलं नाही.

घरी बायकोनं विचारलं, "वाढले?"

"नाई," मी म्हटलं, "पन आता सारखे आहेत."