तिसऱ्या फेरीतली वाट

सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी झाडू पळत मैदानाच्या तिसऱ्या फेरीत शिरली. उजेड स्वच्छ होता. धुकं नाही, वारा नाही, तिच्याशिवाय पळणारं कुणी नाही. गळ्यात स्टॉपवॉच अडकवून सर कठड्याला टेकले होते आणि लांबच्या टोकाला माळीकाका पाण्याच्या नळीचा गुंता सोडवत होते. वळण संपलं, पलीकडचा सरळ पट्टा सुरू झाला आणि मागून पावलं आली. उजवा पाय थप्प पडत होता, डावा घासत होता. मग तोच डावा पाय, मुद्दाम, लागोपाठ दोनदा घासला.

झाडू अर्धं पाऊल बाहेर सरकली. आतली लेन मोकळी झाली.

"आत ये!" सर ओरडले. "ट्रॅफिक हवालदार झालीस का? कुणाला वाट देतेयस?"

ती आत आली. पण तोवर वेग मोडला होता.

झाडू हे नाव शाळेतल्या पोरांनी ठेवलं होतं. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला. सेरेब्रल पाल्सी हे शब्द घरात आले तेव्हा ती दोन वर्षांची होती. उजवा हात कोपरात दुमडलेला, उजवा पाय ताठ, बोटं जमिनीवरून घासणारी. ती वर्गात येतेय हे ती दिसायच्या आधी कळायचं. एकदा रडत घरी आली तेव्हा आई भांडी विसळता विसळता म्हणाली, "म्हणू देत की. झाडूवाचून कुणाचं घर चालतंय?" आईचा स्वतःचा मंत्र मात्र वेगळा होता. "पाय उचल" हे दोन शब्द ती सकाळपासून रात्रीपर्यंत म्हणायची, पंखा फिरतो तसं, आपण म्हणतोय हे लक्षात न येता.

गंमत अशी की चालताना न उचलला जाणारा पाय पळताना थोडा उचलला जायचा. हे खेळाच्या तासाला सरांच्या लक्षात आलं. त्यांनी तिला पंधराशे मीटरला लावलं, कारण छोट्या शर्यतीत सुरुवातीलाच झटका घ्यावा लागतो आणि तो तिच्या अंगाला मानवत नव्हता. पुढे ती दिव्यांगांच्या स्पर्धांत पळू लागली, तीन वेळा संघात गेली, एकदा ब्राँझ आणलं, एकदा चौथी आली. चौथीचं कुणी काढलं की अजूनही ती विषय बदलते. पोटापाण्यासाठी ती हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर बसते. डाव्या हाताने फोन जोडते, नुसत्या "हॅलो"वरून माणूस ओळखते.

कान तिला मैदानाने दिले होते. झाडूला पळताना मागे पाहता येत नाही. मान वळवली की उजवा हात आपोआप आखडतो, गुडघा अडकतो आणि ती पडते. सोळाव्या वर्षी एकदा तोंडावर आपटून तिने दोन दात घालवले, त्यानंतर कधी वळली नाही. मागे कोण, किती अंतरावर, दमलेलं की दम राखलेलं, हे सगळं आवाजावरून.

त्यातला एक आवाज अकरा वर्षं तिच्या मागे होता. डावरीचा. त्या मुलीची डावी बाजू आखडलेली, म्हणून ते नाव. खरं तर ती सगळं उजव्या हातानेच करायची आणि नाव ठेवणाऱ्याच्या अकलेचा उद्धारही करायची. दोघी एकाच सरांकडे, एकाच शर्यतीच्या. शर्यतीत कुणी कुणाची नव्हती. सरावात मात्र पुढे राहायची पाळी फेरीगणिक बदलायची. डावरीचा डावा पाय वळणावर तिला बाहेर फेकायचा, बाहेरून पुढे जाणं तिला जमायचं नाही. म्हणून दोघींनी ठरवलं होतं: मागून डावरीने पाय दोनदा घासला की झाडूने अर्धं पाऊल बाहेर व्हायचं आणि तिला आतून जाऊ द्यायचं. इतर प्रशिक्षक हसायचे. सर म्हणायचे, "चालतंय ना? मग चालू द्या."

मागच्या वर्षी डावरीला झोपेत आकडी आली. सकाळी तिच्या भावाने हॉस्पिटलला फोन केला, तो बोर्डावर झाडूनेच घेतला. "कोणता विभाग?" तिने विचारलं. तो म्हणाला, "आता कोणताच नाही, ताई."

पावलं हिवाळ्यात सुरू झाली. आधी तिला वाटलं आपलाच पाय. पण तिचा उजवा घासतो, हा डावा होता.

मग निवड चाचणी आली. संघात जागा दोन. पस्तिसाव्या वर्षी यापुढे चाचणी नाही हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिसऱ्या फेरीत ती दुसरी होती. पलीकडच्या पट्ट्यात पाय दोनदा घासला आणि विचार करायच्या आत तिचं अंग बाहेर सरकलं. त्या फटीतून एकोणीस वर्षांची एक नवी पोरगी आत घुसली. शेवटच्या रेषेवर दोघी जवळजवळ बरोबर होत्या, वेळ टिपणारं यंत्र नेमकं बंद पडलं आणि समितीने दुसऱ्या जागेसाठी रविवारी पुन्हा पळायला सांगितलं.

त्या सकाळचा सराव संपल्यावर सर तिच्याजवळ आले. रविवारला तीन दिवस होते.

"बाहेर का गेलीस?"

"पाय गेला."

"पाय तुझाच आहे ना? की भाड्याने आणलायस?"

झाडू बुटाची नाडी सोडत होती. एका हाताने तिला वेळ लागतो. "सर, ती मागे येते."

सर हसतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी स्टॉपवॉच खिशात टाकलं. "तिसऱ्या फेरीला?"

"हो."

"मला वाटलं मलाच ऐकू येतं," सर म्हणाले.

नळीतून पाणी सुटल्याचा आवाज आला.

"डॉक्टरांना सांगू?"

"सांग. आधी तुझं मैदान बंद करतील, मग डोक्याचे फोटो काढतील. रविवार गेला."

घरी आईही तेच म्हणाली, फक्त आणखी थोडक्यात. "तोंड मिटून पळ. आणि पाय उचल."

शनिवारी सरांनी तिला एकच गोष्ट सांगितली. "वाट द्यायची नाही."

"रागावेल ती."

"रागावू दे. जिवंतपणी ती रागावली नाही असा एक दिवस सांग."

रविवारी दोघीच पळणार होत्या. झाडूने पहिल्यापासून आतली कड धरली. नवीची पावलं मागे होती, हलकी, सारखी, अजून ताकद राखून असलेली. दुसरी फेरी गेली. तिसऱ्या फेरीच्या वळणावर त्या हलक्या पावलांच्या आणि झाडूच्या मधे आणखी एक जोडी सुरू झाली. थप्प, खर्र. पट्टा लागला. पाय दोनदा घासला.

झाडूचा खांदा बाहेर जाऊ लागला. तिने डावा हात कडेच्या बाजूला ताणला, मैदानाला धरून ठेवावं तसा. पाय पुन्हा दोनदा घासला, आता अगदी जवळ, मानेवर श्वास लागेल इतका. "नाही," झाडू म्हणाली. हवा पुरत नसताना तिने एक शब्द वाया घालवला. तिसऱ्यांदा घासला तेव्हा तो आवाज तिच्या आणि कडेच्या मधून आला, जिथे माणूस मावेल एवढी जागा नव्हती. त्या बाजूचा दंड गार पडला. ती सरकली नाही. तो आवाज तिच्या बरोबरीने राहिला, पुढे गेला नाही, मागेही पडला नाही; शेवटच्या वळणावर दमलेला पाय तिला बाहेर घेऊन गेला तेव्हाही तो आतल्या कडेलाच होता.

रेषा तिने आधी ओलांडली. या वेळी यंत्र चालू होतं. दुसरी जागा झाडूची झाली.

ती गवतावर आडवी झाली तेव्हा पलीकडे नवीचे प्रशिक्षक नवीला झापत होते. "पुढची शेवटच्या वळणावर बाहेर फेकली गेली होती! आतून एवढी मोठी फट होती, बैलगाडी गेली असती! घुसली का नाहीस?"

पोरगी गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती. "जागा कुठे होती, सर?" ती म्हणाली. "मधे ती होती ना."

"कोण मधे? दोघीच होतात तुम्ही!"

पोरीने वळून ट्रॅककडे पाहिलं, मग झाडूकडे. सरांनी झाडूच्या बुटाच्या नाड्या सोडल्या, जे त्यांनी इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं.

संघाचा सराव उद्या, सोमवारी सकाळी सहाला सुरू होतो. नऊला झाडूची ड्यूटी आहे. आतली लेन सगळ्यात जास्त झिजते, म्हणून दर सोमवारी माळीकाका तिच्यावर ओळीने प्लास्टिकचे शंकू मांडून ठेवतात आणि पळणाऱ्यांना दुसऱ्या लेनमधून पळावं लागतं. सोमवारी पहिल्या लेनमध्ये कुणीच पळत नाही, तिथे वाट मागायला पाय घासावा लागत नाही.