वाट सांगणारे काका

माझ्या काकांचं सायकल दुरुस्तीचं दुकान गावाच्या टोकाला, रस्त्याला फाटा फुटतो तिथे होतं. दुकान म्हणजे वर पत्रा, पंक्चर शोधायला पाण्याचं घमेलं आणि एक लाकडी बाक. बाक गिऱ्हाइकांसाठी नव्हताच, वाटसरूंसाठी होता. अनोळखी माणूस दिसला की काकांच्या हातातला पाना खाली आलाच म्हणून समजा. आधी पाणी, मग कुठून आलात, कुठे चाललात, घरी कोण कोण असतं. तोवर गिऱ्हाईक चाक धरून ताटकळत उभं.

आमच्या गावाला एक खोड आहे. परक्या माणसाला 'माहीत नाही' किंवा 'नाही' असं कुणी म्हणत नाही. एवढ्या लांबून आलेला माणूस, त्याला विन्मुख कसं पाठवायचं? मग ठाऊक असो नसो, हसून वाट दाखवायची. काका तर यात सगळ्यांचे गुरू. काकू म्हणायची, "यांना चंद्रावर कसं जायचं विचारा, डावीकडे वळा म्हणतील."

त्या दुपारी मी कामावरून येताना दुकानात टेकले होते. एक परदेशी तरुण सायकलवरून आला. मागे दोन्ही बाजूंना पिशव्या, उन्हाने नाक सोललेलं. त्याची भाषा आम्हाला येईना, आमची त्याला. काकांनी त्याच्या ब्रेकचे झिजलेले रबर बदलले. दोन्हींपैकी कुठल्या रस्त्याने जाऊ, असं त्याने खुणेने विचारलं. काकांनी खाणीतून जाणारा जुना रस्ता दाखवला. त्या रस्त्याला चढ नाही, पोराचे पाय वाचतील, एवढाच विचार. तो दिसेनासा होईपर्यंत काका हात हलवत होते.

मग खाणीवरचा डंपरवाला लेकीची सायकल न्यायला आला.

"आज लवकर सुटलात?" काकांनी विचारलं.

"सुरुंग लावलेत ना. जुन्या रस्त्यावरच्या कड्यालाच. सगळ्यांना बाहेर काढलंय."

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "स्कूटर काढ," एवढंच ते मला म्हणाले.

मी आयुष्यात तशी स्कूटर हाकलेली नाही. मागे काका माझा खांदा आवळून बसलेले, आणि कानाशी सतत पुटपुटत होते, "मी पाठवला गं. मीच पाठवला." एकच आशा होती. खाणीच्या तोंडाशी आडवा बांबू असतो आणि तिथे रखवालदार असतो. त्याने अडवलं असेल.

"सायकलवाला आला होता का?" काका उतरता उतरता ओरडले.

"आला होता की!" रखवालदार खुशीत म्हणाला. "फार गोड पोरगं. सुरुंगाच्या भोंग्याला अजून वेळ होता. म्हटलं, परक्या मुलखातलं लेकरू, कशाला वळसा घालायला लावायचा? सोडलं."

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. तेवढ्यात भोंगा सुरू झाला.

"फोन करून थांबव ना!" मी किंचाळले.

"सुरुंगाजवळ फोन बंद ठेवतात," म्हणत तो लाल झेंडा घेऊन लंगडत पळाला. सुरुंगवाला खाणीला वळसा घालून पार पलीकडे. हा तिथवर वेळेत पोचणार नाही, हे त्याला आणि आम्हाला दोघांनाही कळत होतं.

आणि तो पोरगा समोर दिसत होता. कड्याच्या अगदी खाली सायकल टेकवून फोटो काढत होता. काका बांबूखालून वाकून आत धावले. दोन्ही हात हलवत, "पळ! पळ!" असं घसा फाटेस्तोवर ओरडत. भोंग्यापुढे ऐकू काय जाणार? त्याने काकांना ओळखलं. आनंदाने हात हलवला. कॅमेरा काकांकडे वळवला.

काका थांबले. वाकले. आणि त्यांनी दगड उचलला.

पहिला त्याच्या पायाशी पडला, दुसरा पिशवीवर लागला. काका शिव्या देत, दात ओठ खात त्याच्या अंगावर धावत सुटले. ज्या माणसाने कधी कुत्र्याला हाड म्हटलं नाही तो हा माणूस. पोराचं हसू विरलं. त्याने सायकलवर उडी मारली आणि जीव खाऊन पलीकडच्या बाजूला पळ काढला. वळणाआड जाईपर्यंत काका दगड मारत राहिले. मग उलटे धावले, आणि बांबूपाशी रखवालदाराच्या खोलीमागे येऊन आडवे झाले. मी त्यांच्या शेजारी. जमीन हादरली. पत्र्यावर खडे वाजले. डोकं वर काढलं तेव्हा त्याने सायकल टेकवली होती ती जागा दिसतच नव्हती, नुसता ढिगारा.

पलीकडच्या नाक्यावरून निरोप आला, पोरगा धडधाकट गेला, पाणी देऊ केलं तर घेतलं नाही, कुणाजवळ थांबलाही नाही.

घरी काकांनी जेवणाला हात लावला नाही. त्यांचे डोळे भरून येत होते आणि काका ते लपवतही नव्हते.

"दगड का मारले ते आवाज ऐकून कळलं असेल हो त्याला," मी म्हटलं.

"कळलं असतं तर वळून आला असता."

"अहो, पण जिवंत आहे ना तो?" काकू म्हणाली. "मग झालं तर!"

"जिवंत आहे म्हणून तर घरी जाऊन सांगत सुटेल ना गं," काका म्हणाले.