दाढेत राहिलेला तुकडा

लवंगेच्या तेलाचा वास आला की मला शिरूरमधला तो दवाखाना आठवतो. पंचवीसेक वर्षं झाली असतील. वडिलांची दाढ ठणकत होती, म्हणून वडगाव रासाईहून त्यांना मोटारसायकलवर घेऊन गेलो होतो. मोठे डॉक्टर पलीकडच्या खोलीत होते. वडिलांचं रूट कॅनाल नुकतीच पास झालेली एक मुलगी करत होती. मध्येच तिचा हात थांबला. तिनं एक्स-रे काढला, तो खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहिला आणि मास्क खाली ओढून म्हणाली, "आप्पा, माझ्या हातून सुई तुटली. तुकडा दाढेच्या मुळात अडकलाय. पुढं दुखलं, तर पुण्याला जाऊन काढावा लागेल." तिचे ओठ पांढरे पडले होते. वडील म्हणाले, "म्हंजी आता ती आतच राहायची व्हय?" ती "हो" म्हणाली, तेवढ्यात मोठे डॉक्टर आत आले. "काही तुटलेलं नाही, आप्पा. नवीन आहे, घाबरते," असं हसत म्हणाले, एक्स-रे खिशात घातला आणि तिला बाहेर पाठवलं. पुढच्या खेपेला ती नव्हती. वडिलांनी विचारलं, "ती पोरगी कुठं हाय?" डॉक्टर म्हणाले, "तिला हे काम जमत नव्हतं." "तो एक्स-रे दाखवा" एवढंही न म्हणता आम्ही फी देऊन घरी आलो. ती दाढ पुन्हा कधी दुखली नाही. आता माझी मुलगी दातांची डॉक्टर होतेय. परवा तिनं विचारलं, "बाबा, चूक झाली तर पेशंटला लगेच सांगायचं ना?" मी "हो" म्हणालो, पण तिच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.