डब्यात उरलेला खडा

सन १९४५, मार्गशीर्षातला एक रविवार. कर्जत स्टेशन ते इरशाळच्या डोंगराचा फाटा, नऊ पूर्ण तिकिटे आणि दोन अर्धी, दर पाच आणे, एकूण तीन रुपये दोन आणे. हजर : मी, माझी पत्नी, कचेरीतले तीन कारकून व त्यांची बायकामाणसे, शेजाऱ्यांची सुशी आणि माझी भाची नलू. हे सर्व मी गाडीत बसण्यापूर्वीच वहीत लिहिले होते. तिकिटे मात्र अजून मिळाली नव्हती, कारण कंडक्टर खाली वाकून आमचे पाय पाहत होता.

"आधी पाय," तो म्हणाला.

कर्जत-खालापूर सर्व्हिस मोटारीने तुम्ही त्या काळी गेला असाल, तर हा माणूस तुम्ही पाहिला असेल. नाव विचारले नसेल, मीही कधी विचारले नाही. उंचीने बेताचा, खाकी कोट दुसऱ्या कोणाच्या तरी मापाचा, कानावर पेन्सिल. पेन्सिल शोभेची होती, कारण त्याला लिहिता येत नव्हते. चौकला किंवा खालापूरला जाणाऱ्याकडे तो पाहतही नसे. पैसे घेई, तिकीट फाडी. पण फाट्याचे तिकीट मागितले की समजे, हा डोंगरावर जाणार. मग त्याची नजर तुमच्या तोंडावरून जी सुटे ती थेट पायांवर येई.

मुंबईचे एक जाडसर वकील एकदा नवे कोरे बूट घालून आले होते. त्याने बुटांकडे बराच वेळ पाहिले आणि त्यांना चौकचे तिकीट दिले.

"मला फाट्यावर उतरायचंय," वकील म्हणाले.

"चौकला च्या बरा मिळतो."

वकील हट्टाने फाट्यावर उतरले. संध्याकाळी ते बूट हातात घेऊन, अनवाणी परत आले. त्याने त्यांना हात देऊन वर घेतले आणि विचारले, "दोनी आनलं का?" वकिलांनी दोन्ही दाखवले. 

हे झाले पायांचे. त्याची दुसरी रीत खड्यांची. फाट्यावर जितकी माणसे डोंगरासाठी उतरत, तितके खडे तो रस्त्याच्या कडेचे वेचून तंबाखूच्या एका रिकाम्या डब्यात टाकी. गाडी पुढे खालापूरला जाई, दिवसभर खेपा करी, आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास शेवटची खेप कर्जतकडे परतताना फाट्यावर थांबे. माणूस गाडीत चढला की एक खडा बाहेर. डबा रिकामा झाला की तो पत्र्यावर थाप मारी आणि गाडी सुटे. मालकाने त्याला हे काम सांगितले नव्हते. त्याचा पगारही त्यात धरलेला नव्हता.

मला ही पद्धत रानटी वाटे. मी एकदा त्याला कोरी वही देऊ केली. नाव नाही, निदान आकडा तरी लिही म्हटले.

"वहीत लिवलं म्हंजी मानूस खाली येतो व्हय?" त्याने विचारले.

मी म्हटले, खड्याने तरी येतो का? तो म्हणाला, "नाय. पन खडा वाजतो."

तर त्या रविवारी त्याने आम्हा अकरा जणांचे पाय पाहिले. नलूपाशी तो थांबला. ती नऊ वर्षांची. बहिणीने शिक्षणासाठी माझ्याकडे ठेवलेली. तिच्या चपला मी आदल्याच आठवड्यात घेतल्या होत्या, दोन रुपये चार आण्यांच्या, दोन मापे मोठ्या. वाढत्या पायाला दोन वर्षे पुरतील असा माझा हिशेब होता.

"गं, ही चप्पल कुनाची?"

"माझी," नलू म्हणाली.

"तुजी हाय, पन अजून दोन वर्सांनी." त्याने खिशातून सुतळी काढली, दोन्ही चपला तिच्या घोट्यांना बांधल्या आणि माझ्याकडे न पाहता अर्धे तिकीट फाडले.

चढ नेहमीप्रमाणे झाला. नेढ्याखालच्या, म्हणजे कातळातल्या आरपार भोकाखालच्या, माळावर भाकऱ्या खाल्ल्या, दुपार कलल्यावर उतरलो. उतारावर मंडळींची रांग लांबली, पुढचे पुढे गेले, मागचे मागे राहिले. फाट्यावर पोहोचलो तेव्हा गाडी उभी होती. लढाई संपली तरी पेट्रोलचे रेशन संपले नव्हते, आणि ती गाडी कोळशाच्या गॅसवर चाले. एकदा बंद पडली की हँडल मारून पुन्हा सुरू करताना ड्रायव्हरचा घाम निघे. त्या दिवशीही ती बंद पडलेली होती. बायका मागच्या बाकांवर बसल्या, मी पुढे. उजेड कमी होता. मी उभा राहून डोकी मोजली. दहा. वही काढली. दहा.

"दहा," मी जाहीर केले. "झाले सगळे. सोडा गाडी."

तो पायरीवर उभा होता. त्याने डबा हलवला. डबा वाजला.

"खडा हाय," तो म्हणाला. "मानूस नाय."

पुढच्या बाकावर खालापूरचे एक व्यापारी होते. त्यांना कर्जतला पुण्याची गाडी गाठायची होती. ते म्हणाले, "अरे, साहेब लिहून सांगतायत. तुझा खडा जास्त पडला असंल."

"खडं मी टाकतो. ते आपले आपन पडत नाय."

"माझी गाडी चुकंल."

"गाडी उद्या पन हाय."

"मालकाला सांगीन."

"सांगा. मालक घरीच हायत."

ड्रायव्हर हँडल मारायला खाली उतरला. कंडक्टरने त्याच्या हातातून हँडल काढून घेतले आणि काखेत धरले. मग माझ्या खिडकीशी आला.

"साहेब, वही वाचा."

मला रागच आला. वीस वर्षे मी कचेरीत बेरजा केल्या होत्या. मी मोठ्याने वाचले, "पूर्ण तिकिटे नऊ. अर्धी दोन. एकूण दहा."

"अर्धी दोन म्हंजी पाय किती?"

 व्यापारीच म्हणाले, "चार."

मागच्या बाकावरून पत्नीचा आवाज आला, "अहो, नलू तुमच्यापाशी पुढे बसलीय ना?"

मी खाली कसा उतरलो ते मला सांगता येणार नाही. तो वाटेला लागला होता, काखेत हँडल तसेच. मी मागे धावलो तेव्हा तो वळला, वाकून एक खडा उचलला आणि डब्यात टाकून डबा ड्रायव्हरकडे दिला. "हा साहेबांचा," म्हणाला. स्वतःचा खडा त्याने टाकला नाही. तेव्हा मला त्यात काही वाटले नाही.

वाटेत तो पाय न वाजवता चालत होता. मी मात्र दर वळणावर हाका मारत होतो. एका वळणावर तो म्हणाला, "जरा गप ऱ्हावा. तिची हाक ऐकू याया पायजे." मी गप्प राहिलो. तसे चालणे फार कठीण होते.

ती अर्ध्या तासाच्या चढावर सापडली. कातळाच्या कडेला पोटावर पडून खालच्या झुडपांत काठीने काहीतरी ओढत होती. कडेपासून तिचे खांदे वीतभर पुढे गेलेले. त्याने मला हाताने मागे थांबवले, स्वतः हळू गेला आणि आधी तिचा घोटा धरला.

"काय करतीस गं?"

"सुतळी तुटली," नलू म्हणाली. "एक चप्पल खाली गेली. मामा म्हणाले होते, दोन वर्षं पुरवायच्यात."

"ऱ्हाऊ दे. पाय हायत ना दोन?"

तिने पाहिले. "आहेत."

"मग झालं."

त्याने तिला खांद्यावर घेतले आणि हँडल तिच्या हातात दिले. तिने ते दोन्ही हातांनी उभे धरले. अंधार पडत असताना आम्ही असे उतरलो. फाट्यावर आल्यावर त्याने डब्यातले दोन खडे एकेक करून बाहेर टाकले, पत्र्यावर थाप मारली. गाडी एक तास दहा मिनिटे उशिरा सुटली.

व्यापाऱ्यांची गाडी चुकली. त्यांनी खरोखरच मालकाकडे तक्रार केली, आणि मालकाने त्याला आठ दिवस घरी बसवले. मला कळल्यावर मी मालकाकडे गेलो, चूक माझी होती हे सांगितले, लिहून देतो म्हणालो. मालक म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. पण मी मोटार चालवायची, का डोंगर मोजायचा?" आठ दिवस आठच राहिले.

तो कामावर परतल्यावर मी नलूसाठी पूर्ण तिकिटाचे पाच आणे पुढे केले. त्याने अडीच आणे परत दिले.

"नियम अर्ध्याचा हाय. पैसं अर्धं द्या. मोजायची तेवडी पुरी मोजा."

पुढे एकोणपन्नास साली त्या रस्त्यावर सरकारी बस आली. सर्व्हिस मोटार बंद झाली. ड्रायव्हरला सरकारात घेतले, याला घेतले नाही, कारण लिहिता येत नव्हते. नव्या बसने आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हा हा फाट्यावरच्या मैलाच्या दगडावर बसलेला दिसला. शेजारी डबा. त्याने आमचे पाय पाहिले, मान हलवली, खडे टाकले. संध्याकाळी आम्ही बसमध्ये चढत होतो आणि तो एकेक खडा बाहेर टाकत होता.

"कोण हाय हा?" सरकारी कंडक्टरने विचारले.

"कंडक्टर," नलू म्हणाली.

पावसाळ्यानंतर गेलो तेव्हा मैलाचा दगड रिकामा होता. फाट्यावरच्या चहावाल्याला विचारले. त्याने कपबशी विसळत सांगितले, श्रावणात हरवलेली शेळी बघायला वर गेला होता. घरी एकटाच असे. शेळी दुसऱ्या दिवशी आपली आपण आली. तो आला नाही हे गावाला चौथ्या दिवशी समजले.

"चार दिवस कोणाला कळलं नाही?" मी विचारले.

"कसं कळनार? मोजनारा त्योच व्हता."

त्या दिवशी आम्ही वर गेलो नाही. परतीच्या बसची वाट पाहत फाट्यावरच बसलो. बस आली तेव्हा नलू सर्वांत शेवटी चढली. पायरीवर उभी राहून तिने आम्हाला बोट दाखवून मोजले, मग एकदा डोंगराकडे पाहिले आणि आत आली. ती आता तेरा वर्षांची होती. सहा पूर्ण तिकिटे, दर पाच आणे, एकूण एक रुपया चौदा आणे, सरकारी कंडक्टरला दिले. त्याने पैसे मोजून घेतले. पायांकडे पाहिले नाही.