देवी डॉक्टरांचा कॅमेरा

ईशान आणि मुक्ता,

गेल्या महिन्यात तुम्ही बर्फातल्या सहलीचे फोटो पाठवलेत. मी सगळे नीट पाहिले. मुक्ताने खाली विचारलं होतं, "आजी, आपल्या घरात पूर्वी फोटो कोण काढायचं?" त्याचं उत्तर फोनवर देण्याजोगं नाही, म्हणून लिहायला बसले. ते देऊ शकेल असं आता घरात माझ्याखेरीज कोणी उरलेलं नाही, आणि माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं आहे. त्याआधी लिहून झालेलं बरं.

फोटो काढायचे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, दिनकर. मी त्यांना भावजी म्हणत असे. लहान मुलांना सुई टोचायच्या आधी ते त्यांचा फोटो काढत, आणि त्यांचं सगळं आयुष्य या एका सवयीभोवती फिरलं असं मला वाटतं. क्रमाने सांगते.

भावजी सरकारी नोकरीत देवी डॉक्टर होते. खरे डॉक्टर नव्हेत. देवीच्या रोगावरची, म्हणजे स्मॉलपॉक्सची लस टोचत गावोगाव फिरणाऱ्या माणसाला लोक तेव्हा देवी डॉक्टर म्हणत. आम्ही भोरला राहायचो. मी तिथल्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. भावजींची फिरती वेल्ह्याच्या बाजूला असे. सोमवारी एसटीने नसरापूर, तिथून विंझर, पुढे डोंगरातल्या वाड्यांना पायी, शनिवारी परत. एका खांद्याला लशीची पिशवी आणि दुसऱ्या खांद्याला चामडी पेटीतला कॅमेरा. कॅमेरा चौकोनी डब्यासारखा होता. पोटाशी धरून, वरून मान खाली घालून त्यात बघावं लागे.

देवी डॉक्टर वाडीत शिरला की पोरं नाहीशी होत. कोणी कणगीत, कोणी गवताच्या गंजीत. आयाही त्यांना सामील असत. भावजींनी त्यावर युक्ती काढली होती. अंगणात बसून ते शांतपणे कॅमेरा बाहेर काढत आणि मोठ्याने सांगत, "आज फोटो आहे. टोचायचं मागनं बघू." जरा वेळाने कणगीतून डोकी वर येत. मग एकेकाला उभं करून त्यांचं ठरलेलं वाक्य, "बाही वर, नजर भोकात, हलू नको!" खट् आवाज होई आणि पोरगं ऐटीत उभं असतानाच उघड्या दंडावर सुई टेकलेली असे. "त्यांना वाटतं फोटो काढताना एवढं दुखतंच," असं आम्हाला सांगताना भावजी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत.

यातली गंमत आम्हा घरच्यांनाच माहीत होती. बहुतेक वेळा कॅमेऱ्यात रीळ नसे. रीळ पुण्याहून आणावं लागे, सहज मिळत नसे, आणि ते भावजी डोंगरांसाठी राखून ठेवत. तोरणा, राजगड, खाचरांवर उतरलेलं धुकं, नीरेचं पात्र. रविवारी आम्हा सगळ्यांना उत्रोलीच्या बांधावर नेऊन बसवत आणि एका विशिष्ट ढगाची वाट बघत. तुमचे आजोबा वैतागायचे.

"दिन्या, ढग म्हणजे काय एसटी आहे, वेळेवर यायला?"

"एसटी तरी कुठे वेळेवर येते, दादा?"

त्या फोटोंत आम्ही कोणी नसायचो. सासूबाई एकदा चिडून म्हणाल्या, "मेल्या, एवढं नवं लुगडं नेसून आले, माझा तरी एक काढ." भावजी म्हणाले, "आई, तू मध्ये आलीस की डोंगर लहान दिसतो." सासूबाईंनी आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला होता.

घरी आल्यावर दुपारी न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी लागायची, दिव्याला लाल कागद. "वहिनी, आता कोणी हातपाय धुवायचे नाहीत," अशी आतून आज्ञा. तासाभराने आमच्या तांब्याच्या घंगाळात तोरणा तरंगत असायचा. त्या वेळी भावजींच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे, तसं मी नंतर फार थोड्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलं.

एका वर्षी, भाताला लोंब्या धरू लागल्या होत्या तेव्हा, रविवारी सकाळी एक बाई घर विचारत आली. माझ्याहून लहान असावी. तांदळाचं छोटं गाठोडं मांडीवर घेऊन ती पडवीच्या पायरीवर बसली. भावजींनी तिला लगेच ओळखलं. विंझरच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, तिथली धोंडाबाई.

"म्हादूची आई ना? कुठाय आमचा पैलवान? आणलं नाही त्याला?"

"म्हादू ग्येला, डागदर," ती म्हणाली. "सरावनात वढ्याला पानी आलं. गुरांमागं व्हता. दुसऱ्या दिशी गावला." पदराने तोंड पुसून ती पुन्हा ताठ बसली. "तुमी उनाळ्यात त्याचा फोटू काडला व्हता. त्यो न्याया आले."

भावजी आत आले. निगेटिव्हचा डबा काढून खिडकीशी उभे राहिले आणि एकेक पट्टी उजेडात धरू लागले. डोंगर, डोंगर, नदी, डोंगर. मी म्हटलं, "सापडेल, घाई करू नका." ते म्हणाले, "वहिनी, रीळ नव्हतं." तरीही ते बघतच राहिले.

सासूबाईंनी स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "अरे, दोन-चार पोरांचे खरे फोटो आहेत ना तुझ्याकडे? त्यातला एखादा अंधूक बघून दे. त्या वयाची पोरं सारखीच दिसतात. बिचारीला तेवढाच आधार."

"तिला कळेल, आई."

"आणि नाही कळलं तर?"

"तर ती जन्मभर दुसऱ्याच्या पोराकडे बघून रडेल."

त्यांनी कॅमेरा उचलला आणि बाहेर जाऊन तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"बाई, त्या दिवशी यात रीळ नव्हतं."

"म्हंजी?"

"म्हणजे फोटो निघालाच नाही. पोरं गप्प राहावीत म्हणून मी नुसता आवाज केला."

"आवाज झाला की! म्या हुबी व्हते." तिला वाटलं असावं की डॉक्टर विसरलेत, आठवण दिली की मिळेल. "त्यो बी समद्यास्नी सांगत व्हता, माजा फोटू डागदरच्या पेटीत हाय म्हनून. निजताना बी सांगायचा."

भावजींनी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडून पेटी तिच्यापुढे धरली. तिने वाकून पाहिलं. मग एक बोट आत घालून चारी कोपरे चाचपले.

"मोकळं हाय," ती म्हणाली.

ती ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. तिने चहा घेतला नाही. तांदूळ मात्र ठेवून गेली. "तुमच्यासाटनं आनलं व्हतं. परत कुटं न्यू?"

दिवाळीच्या सुट्टीत भावजी मला म्हणाले, "वहिनी, त्या वाडीला याल का? एकट्याला जमायचं नाही." त्यांनी पुण्याहून रीळ आणून ठेवलं होतं. आम्ही विंझरला उतरून चालत निघालो. वाटेत ते एरवी प्रत्येक वळणावर थांबले असते. त्या दिवशी तोरण्याकडे त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही.

वाडीच्या तोंडाशी एक म्हातारबाबा तंबाखू मळत बसले होते. बातमी सगळीकडे पोचलेली होती.

"आलं का खोटं मशीन? ह्या खेपंला भरलंय का वाऱ्यावरच?"

"भरलंय, बाबा."

"बगा बरं. न्हाईतर तुमचं टोचनं बी खोटंच आसंल."

भावजी थांबले. "टोचणं खरं होतं, बाबा," ते म्हणाले. "तेवढं खरं होतं."

धोंडाबाई अंगण सारवत होती. आम्हाला पाहून तिने हात धुतले, मला बसायला घोंगडं टाकलं. भावजी म्हणाले, "बाई, तुमचा फोटो काढायला आलोय. आज खरा."

"माजा कशाला?" ती म्हणाली. तिने वळून पडवीकडे पाहिलं. मग म्हणाली, "त्यो जितं हुबा व्हता, तितला काडा."

पडवीला एक लाकडी खांब होता. म्हादू त्या दिवशी एका हाताने तो खांब धरून उभा होता. धोंडाबाईने जागा दाखवली आणि स्वतः बाजूला झाली. भावजी अंगणाच्या मध्यावर उभे राहिले, तर तिने मान हलवली. "हितं न्हाई. तुमी त्या लिंबाखाली व्हता." ते लिंबाखाली गेले. कॅमेरा पोटाशी धरला, मान खाली घातली. वाडीतली माणसं जमली होती, म्हातारबाबाही येऊन उभे होते.

आणि सवयीने भावजींच्या तोंडून निघून गेलं, "हलू नको."

कोणी हसलं नाही. खट् आवाज झाला. भावजींनी मान वर केली नाही, म्हणून मी पुढे होऊन त्यांच्या हातातून कॅमेरा घेतला.

तो फोटो धुवून त्यांनी स्वतः तिच्या हातात नेऊन दिला. त्यानंतर त्यांनी डोंगराचा फोटो कधी काढला नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "डोंगर कुठे जात नाहीत, वहिनी." आता फिरतीवर निघताना रीळ आधी, लस मग. आमच्या पडवीत दोरीला पोरांचे फोटो वाळत लटकू लागले, सगळ्यांची एक बाही वर. सासूबाईंचा एक फोटो याच काळातला, तो तुम्ही पाहिला आहे. कॅमेऱ्याच्या पाठीला बोटाच्या टोकाएवढी लाल काच असते, तिच्यातून रिळावरचा आकडा दिसतो. प्रत्येक आईला तो आकडा दाखवल्याशिवाय भावजी खटका दाबत नसत. पुढे पोरंच ओरडू लागली, "डागदर, आदी आकडा दावा!" दोन वर्षांनी धोंडाबाईला मुलगी झाली. ती पोर कडेवर घेऊन ती स्वतः पुढे आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "हिचा काडा. आकडा म्या बगते." भावजींनी कॅमेरा तिच्याच हातात दिला.

भावजींनी लग्न केलं नाही. देवीचा रोग हटला, त्यांची नोकरी दुसऱ्या कामावर गेली, पण सुट्टीचे दिवस ते त्याच वाड्यांवर घालवत राहिले. एकोणीसशे सत्तरचं दशक संपायच्या आत त्यांना कावीळ झाली आणि ती उतरलीच नाही. शेवटी शेवटी फार बोलवत नसे. एका दुपारी मी पाणी पाजत असताना म्हणाले, "वहिनी, कोणी फोटो न्यायला आलं तर परत पाठवू नका."

"नाही पाठवणार," मी म्हटलं. "सगळ्यांचे आहेत."

"सगळ्यांचे नाहीत," ते म्हणाले आणि त्यांनी भिंतीकडे तोंड वळवलं. माझ्याशी ते बोललेलं शेवटचं वाक्य हेच.

मुक्ता, आता तुझ्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर. भावजींचा स्वतःचा धड फोटो आपल्याकडे नाही. कॅमेऱ्याच्या काचेत बुरशी धरली, तो आता चालत नाही. निगेटिव्ह ओलाव्याने एकमेकांना चिकटल्या. ज्या वाचल्या त्या मी गावांप्रमाणे वेगळ्या करून माझ्या कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवल्या आहेत. त्या टाकू नका.

मागच्या हिवाळ्यात मी गाडी करून त्या वाडीला जाऊन आले. धोंडाबाई आता नाही. तिच्या मुलीने त्याच जागी सिमेंटचं घर बांधलं आहे. पडवी गेली, लिंब गेला. आतल्या खोलीत भिंतीवर काचेच्या चौकटीत एक पिवळा पडलेला फोटो आहे. त्यात सारवलेलं अंगण आहे, पडवीची कड आहे आणि एक लाकडी खांब आहे. बाकी काही नाही. माझ्याबरोबरच्या ड्रायव्हरने विचारलं, "हा कशाचा फोटो, ताई?"

"आमच्या म्हादूदादाचा," ती म्हणाली.

तो तिथे आहे.