चौथं गृहीत

...तर काल मी कुठे होतो? हां, नात संगणकाला गणित पटवून देत होती तिथे. पटवून देणं हेच तिचं काम. मोठमोठे विद्वान "हे तर उघडच आहे" म्हणून जी सिद्धता दोन ओळींत उरकतात, ती ही पायरी-पायरीने उलगडून यंत्राला लिहून देते. एक पायरी गाळली की यंत्र अडून बसतं. आमच्या थोरल्या वहिनी धान्य निवडायच्या तसंच. एक खडा दिसला की सूप खाली.

आम्ही गावच्या शाळेत मधलं आठवलं नाही की 'म्हणून' लिहून थेट उत्तरावर उडी मारायचो. नातीला हे सांगितलं तर म्हणाली, "आजोबा, या यंत्रापुढे तुम्ही सातवीतच राहिला असता."

"राहिलोच होतो की. दोनदा."

तीन वर्षं ती एकाच प्रमेयावर होती. वरचा भाग तिचा, पायाचा तिच्या सरांचा. सरांनीच तिला हाताला धरून या कामात आणलं. घरी यायचे, माझी तीच ती गोष्ट चौथ्यांदा ऐकून हसायचे. पाया केव्हाच पुरा झालाय, असं त्यांनी सांगितलं आणि हिने त्यावर मजले चढवले.

गेल्या सोमवारी काम संपलं. शुक्रवारी विभागात सगळ्यांपुढे मांडायचं, आणि त्यावरच तिची नोकरी कायम व्हायची. तिने मला कौतुकाने शेजारी बसवलं. "आता यंत्राला विचारते, हे सगळं काय काय गृहीत धरून उभं आहे. नेहमीच्या तीन गृहीतांची नावं येतील बघा. ती सगळ्यांच्याच गणितात असतात."

आली चार.

चौथं सरांच्या फाइलीतलं होतं. जिथे त्यांचा गाडा रुतला, ती पायरी त्यांनी सिद्ध केलीच नव्हती. 'हे खरं धरून चाल' असं यंत्राला सांगून मोकळे झाले होते. तसं सांगितलं की यंत्र बिचारं मान डोलावतं. तारीख अडीच वर्षांपूर्वीची.

नातीने पडद्यावर त्या तारखेवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "हे विचारायला एक ओळ लागते, आजोबा. पाया पुरा झाला म्हणाले, त्याच दिवशी विचारता आलं असतं. पण सरांच्या मागे कुठे तपासत फिरायचं, असं वाटलं."

तिने कळवलं तसे दुसऱ्या दिवशी सर आले. "अगं, ती गोष्ट खरीच आहे. कुणालाही विचार. मधलं नंतर भरू."

"अडीच वर्षांत भरलं नाहीत."

"जमलं नाही," ते चहाच्या कपात बघत म्हणाले. "पण शुक्रवारी पुरं झालं असंच सांग. कोण उघडून बघतंय? तुझी नोकरी आहे, माझी निवृत्ती तोंडावर आलीय."

मग सरांनी नातीला विचारलं, "तुझा माझ्यावर विश्वास नाही का?"

नात म्हणाली, "होता, सर. म्हणून तर तीन वर्षं तपासलं नाही. शुक्रवारी फळ्यावर पहिल्याच ओळीत ते गृहीत लिहिणार आहे. ते तुमचं आहे हे मी सांगू, की तुम्ही सांगाल?"